वाऱ्याची मोट

परवाच्या टपालात एक जाडसर पाकीट आलं. आत वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेली. अशी पत्रं मी दुपारची कामं आटोपून, पाय पसरून, निवांत वाचते. हेही तसंच वाचलं, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. त्यातला मुख्य मजकूर तुमच्यापुढे ठेवते. नाव-गाव अर्थातच सांगत नाही.

"ताई, माझी मुलगी अकरावीला आहे. अभ्यासात बरी, गणितात चांगली. रविवारी संध्याकाळी बाप-लेक टीव्हीपुढे बसून त्या फॉर्म्युला वनच्या मोटारींच्या शर्यती पाहतात. इतके दिवस मी म्हटलं, पाहू देत, कुणाच्या दारात तर जात नाहीत! पण आता कन्यारत्न म्हणतं, मला त्या गाड्यांचं वाऱ्याचं काम शिकायचंय. गाडी चालवायची नाही, गाडीवरून वारा कसा वाहतो ते ठरवायचं. सासूबाई म्हणाल्या, 'ही तर वाऱ्याची मोट बांधायला निघाली!' सगळे हसले, मीही हसले. पण रात्री डोळ्याला डोळा नाही. मी स्वतः बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष लग्नासाठी सोडलं, त्यामुळे तिला 'शिकू नको' म्हणायला जीभ रेटत नाही. पण ताई, असलं काम खरंच असतं का? त्यात बायका असतात का? आणि एवढं करून फसली तर? तुम्हीच तिला दोन शब्द समजावून सांगा."

पाहा, तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं द्यायचा प्रयत्न करते. मात्र मुलीला समजावण्याचं म्हणाल, तर ते आधी कुणाला समजवायचं हे शेवटी ठरवू!

पहिला प्रश्न : असलं काम असतं का?

असतं. आणि ते काय असतं, हे कळायला स्वयंपाकघराबाहेर जावं लागत नाही. उठा आणि एक मोठा चमचा घ्या. नळाची धार बारीक पण सलग सोडा. चमच्याचं टोक दोन बोटांत अगदी हलकं धरून तो लोंबकळू द्या, आणि त्याची फुगीर पाठ धारेजवळ न्या. तुम्हांला वाटेल, पाणी चमच्याला ढकलून देईल. होतं उलटंच! चमचा धारेत ओढला जातो. बाजूला घ्यायला गेलात तर हाताला ओढ जाणवते.

का बरं? धार चमच्याच्या फुगीर पाठीला चिकटून वळते. चमचा पाण्याला एका बाजूला वळवतो, आणि पाणी चमच्याला दुसऱ्या बाजूला ओढतं. वाराही असाच वागतो. विमानाचा पंख वाऱ्याला खाली वळवतो, म्हणून विमान वर उचललं जातं. शर्यतीच्या गाडीला पुढे-मागे पंख असतात ते उलटे बसवलेले. ते वाऱ्याला वर फेकतात, म्हणून गाडी जमिनीवर दाबली जाते. वळणावर गाडी सुसाट जाऊनही बाहेर फेकली जात नाही, ती या दाबामुळे. वेग वाढला की हा दाब इतका वाढतो, की गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. एवढं ओझं चाकांना रस्त्याशी घट्ट धरून ठेवतं, आणि ते कशाचं, तर नुसत्या वाऱ्याचं!

आता यात काम कसलं? तर हा वारा कुठून आत घ्यायचा, कुठून बाहेर काढायचा, कुठे वळवायचा, हे ठरवणं. दाब हवा, पण वाऱ्याने गाडी मागे ओढताही कामा नये. इंजिन आणि ब्रेक थंड राहायला हवेत. एक पत्रा पुढे दोन मिलिमीटर वाकवला, की मागच्या पंखावर येणारा वारा बदलतो. आपल्याकडे नाही का, पुढचं दार उघडलं की मागच्या खोलीतलं दार धाडकन आपटतं! तशातलाच हा प्रकार.

ही मंडळी आधी संगणकावर गाडीचा आकार काढतात आणि वारा कसा वाहील याचं गणित करतात. मग गाडीची छोटी प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात. फॉर्म्युला वनच्या नियमाने ही प्रतिकृती खऱ्या गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठी चालत नाही, आणि बोगद्यातला वारा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, याहून जोरात सोडता येत नाही. गाडी जागच्या जागी, आणि तिच्याखाली रस्ता म्हणून एक रुंद पट्टा गरागरा फिरत असतो. त्यानंतर खऱ्या गाडीवर रंगीत पातळ तेल फासून ती पळवतात. परत आली की त्या रंगाचे ओघळ पाहून वारा कुठे चिकटला आणि कुठे सुटला, ते वाचायचं. आपण भिंतीवरचा डाग पाहून पाणी कुठून झिरपतंय ते ओळखतो ना? तसंच.

आणखी एक गंमत सांगते. २०२१ पासून असा नियम आहे, की जो संघ गुणांत पहिला, त्याला बोगदा वापरायला सर्वांत कमी वेळ, आणि जो शेवटचा, त्याला सर्वांत जास्त. पंगतीत मागे राहिलेल्याला आधी वाढावं तसं. हा नियम वाचला तेव्हा मला त्या लोकांबद्दल जरा बरं वाटलं.

दुसरा प्रश्न : त्यात बायका असतात का?

फार नसतात. खोटं कशाला सांगू? पण असतात, आणि त्यांतल्या एकीची गोष्ट आज सांगायची आहे. कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यापाशीच आहे.

तिचं नाव अंतोनिया तेर्झी. जन्म १९७१ चा, इटलीतल्या मोडेना प्रांतातल्या मिरांडोला गावचा. फेरारीच्या प्रसिद्ध लाल गाड्या तयार होतात ते मारानेल्लो याच प्रांतात. तेर्झीबाई वायुगतिशास्त्रात पारंगत झाल्या आणि फेरारीच्या शर्यतीच्या विभागात कामाला लागल्या. तिथून २००१ च्या अखेरीला इंग्लंडातल्या विल्यम्स संघाने त्यांना बोलावलं, तेही मुख्य एरोडायनॅमिक्स इंजिनीयर म्हणून! वय अवघं तीस. त्या काळी या धंद्यात इतक्या वरच्या तांत्रिक जागेवर बाई म्हणजे नवलच होतं.

काम कसं केलं म्हणाल, तर २००३ साली विल्यम्सच्या गाडीने चार शर्यती जिंकल्या. वर्षाच्या शेवटी संघांच्या यादीत विल्यम्स दुसरा आला, फेरारीच्या खालोखाल. फेरारीचे गुण १५८, विल्यम्सचे १४४.

इथे एखाद्याने विचार केला असता, चाललंय ते ठीक आहे, उगीच हात कशाला लावा? तसं झालं नाही. २००४ च्या जानेवारीत विल्यम्सने नवी गाडी लोकांपुढे आणली आणि बघणारे बघतच राहिले. गाडीचं नाक आखूड आणि रुंद, आणि पुढचा पंख दोन बाजूंच्या दोन जाड दांड्यांवर लटकावलेला. थंड समुद्रात वॉलरस नावाचा दोन लांब सुळ्यांचा प्राणी असतो, थेट त्याचा चेहरा! वर्तमानपत्रांनी लगेच बारसं केलं, 'वॉलरस नाक'. मधली जागा मोकळी ठेवली की गाडीखाली जास्त वारा, तोही स्वच्छ, जाईल असा त्यामागचा विचार होता. विचारात खोट नव्हती.

सुरुवात वाईट झाली नाही. मोंतोया नावाच्या त्यांच्या चालकाने मलेशियात दुसरा नंबर काढला, सान मारिनोच्या शर्यतीत तिसरा. पण गाडीला जो वेग अपेक्षित होता तो काही येईना. त्या वर्षी १८ पैकी १५ शर्यती एकट्या फेरारीने जिंकल्या. ज्या घरातून बाई आल्या होत्या, त्याच घराने! आणि ऑगस्टमध्ये हंगेरीच्या शर्यतीला विल्यम्सने ते नाक काढून ठेवलं आणि चारचौघांसारखं नाक बसवलं.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला माझा पहिला दिवाळसण आठवला.

सासरी पहिल्यांदाच अनारसे करायला घेतले होते. नणंदा, त्यांची मुलं, शेजारच्या काकू, सगळ्या चुलीभोवती. मी आईच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे थोडा तोराही होता. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. दुसरा सोडला, तोही हसला. तिसरा तर तुपात असा पसरला की कढईत नुसती भोकंच भोकं! अनारसा हसतो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना माझं तोंड कसं झालं असेल ते सांगायला नको. कुणी बोललं नाही, पण मुलं खुदुखुदू हसत होती. माजघरात जाऊन डोळे पुसले. तेवढ्यात सासूबाई आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? गूळ जास्त झालाय. मूठभर तांदळाची पिठी मळ त्यात. आणि पुढच्या वेळी सगळ्यांना बोलवायच्या आधी एक तळून पाहा."

त्या दिवशी मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, हसलेल्या अनारशाचा उपाय. दुसरी, चूक पिठाची आहे, तुझी नाही, असं न बोलता सांगणारं माणूस.

तेर्झीबाईंचा अनारसा साऱ्या जगासमोर हसला. आणि नाक बदलल्याबरोबर गाडी धावू लागली असंही नाही, बरं का! विल्यम्सला त्या वर्षी जी एकुलती एक शर्यत जिंकता आली, ती अगदी शेवटची, ऑक्टोबरमधली ब्राझीलची. म्हणजे सगळं पाप त्या एकट्या नाकाचं नव्हतं. पण दिसत होतं नाकच, आणि लोकांच्या लक्षात राहिलं तेही नाकच. संघ चौथ्या नंबरावर घसरला. वर्ष संपता संपता तेर्झीबाईंनी विल्यम्स सोडलं, आणि फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या कामात त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

आता तिसरा प्रश्न : फसली तर?

आधी आणखी एका माणसाची छोटीशी हकिगत ऐका. एड्रियन न्यूई हे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव. संगणकाच्या युगातही हा माणूस पेन्सिल घेऊन कागदावर गाडी काढतो. १९९० साली न्यूई लेटन हाउस नावाच्या छोट्या संघात होते. गाडी काही केल्या धावेना. मेक्सिकोच्या शर्यतीत तर त्यांच्या दोन्ही गाड्यांना नुसतं रांगेत उभं राहण्याइतकाही वेग काढता आला नाही. न्यूईंनी डोकं खाजवलं, सगळं पुन्हा तपासलं. आणि सापडलं काय? ज्या बोगद्यात ते मापं घेत होते, त्याची जमीनच वाकलेली होती! मापच खोटं, मग गाडी कशी खरी होणार? दुसऱ्या बोगद्यात मापं घेऊन त्यांनी गाडीचा तळ नव्याने आखला. तोवर त्यांची त्या संघातली नोकरी गेली होती. आणि मेक्सिकोनंतर दोनच आठवड्यांनी, फ्रान्सच्या शर्यतीत, त्याच संघाची गाडी अगदी शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांपर्यंत सर्वांच्या पुढे होती! अखेर दुसरी आली.

आमच्या जुन्या वाण्याच्या दुकानात मी दोन वर्षं साखर घेत होते, आणि 'माझ्याच हाताला बरकत नाही, महिना अखेरीला डबा रिकामा' म्हणून स्वतःला बोल लावत होते. मग एकदा घरच्या काट्यावर किलोभर साखर घालून पाहिली. काटाच खोटा! तेव्हा आधी काटा तपासा, मग स्वतःला दोष द्या.

न्यूईंना पुढे विल्यम्सने घेतलं. १९९२ साली त्यांच्या गाडीवर मॅन्सेल जगज्जेता झाला. त्यानंतर मॅक्लारेन आणि रेड बुल या संघांतही त्यांच्या गाड्यांनी जगज्जेतेपदं मिळवली. म्हणजे त्यांना दुसरं ताट वाढलं गेलं. तेर्झीबाईंना त्या पंगतीत दुसरं ताट मिळालं नाही. का, ते मी इथे बसून सांगणार नाही. पण फसण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे तुम्हांला आणि मला संसारातून ठाऊक आहे. तुमच्या मुलीलाही ते ठाऊक असलेलं बरं.

मग तेर्झीबाईंचं पुढे काय झालं? घरी बसल्या? मुळीच नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट इथे मोठं तंत्र-विद्यापीठ आहे. तिथे वुबो ऑकल्स नावाचे प्राध्यापक होते. हे गृहस्थ १९८५ मध्ये अंतराळात जाऊन आलेले. त्यांच्या डोक्यात एक बस होती. विजेवर चालणारी, २३ माणसं बसतील अशी, पंधरा मीटर लांब पण मोटारीसारखी बुटकी, आणि ताशी २५० किलोमीटर धावणारी. त्या 'सुपरबस'च्या कामात तेर्झीबाई पुढे होत्या. एवढं लांबलचक धूड एवढ्या वेगाने न्यायचं तर वाऱ्याचं गणित चुकून चालणार नाही, आणि ते गणित तर त्यांच्या हातचं! २०११ साली ही बस दुबईत धावूनही दाखवली गेली. पुढे ती रोजच्या रस्त्यांवर आली नाही. पण मला या बाईंचं कौतुक वाटतं ते यासाठी, की जी विद्या एका श्रीमंत खेळाच्या दोन-चार सेकंदांसाठी वापरली होती, तीच विद्या त्यांनी साध्या प्रवाशांच्या बसला लावून पाहिली. विद्या बाईबरोबर गेली. खुर्ची तेवढी मागे राहिली.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, तेर्झीबाई रस्त्यावरच्या मोटार अपघातात गेल्या. ते वाचून चटका बसला. अजून किती काय केलं असतं त्यांनी!

तर भगिनी, आता तुमच्या पत्राकडे वळते.

या कामात रोजचं फसणं धरूनच चालावं लागतं. दहा आकार काढायचे, त्यांतले आठ-नऊ बोगद्यातच बाद करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. जिला पहिल्याच चुकीला घरच्यांनी 'म्हटलं नव्हतं?' म्हणून ऐकवलं असेल, तिला हे काम जड जाईल. जिला 'मूठभर पिठी मळ' म्हणणारं कुणी घरात असेल, ती टिकेल. म्हणून म्हटलं, समजावण्याची गरज आहे ती मुलीला नव्हे.

आता थोडं व्यवहाराचं. बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान पक्कं हवं, त्याला पर्याय नाही. पुढे मेकॅनिकल किंवा विमानविद्येची पदवी. पवईच्या आय.आय.टी.त विमानविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली विजेची गाडी इंग्लंडात सिल्वरस्टोनच्या विद्यार्थी-स्पर्धेला नेलेली आहे. आपल्याकडे कोइमतूरलाही 'फॉर्म्युला भारत' नावाची अशीच स्पर्धा होते. कॉलेजच्या अशा संघात शिरली की हात काळे करताना तिचं तिलाच कळेल, ही हौस आहे की ध्यास.

खरं तेही सांगून ठेवते. फॉर्म्युला वनमध्ये जागा थोड्या, जगभरातले इच्छुक उदंड, बरेचसे संघ इंग्लंडात, आणि कामाला घड्याळ नाही. तिथे पोचेलच असं कुणी लिहून देऊ शकत नाही. पण वाऱ्याची विद्या तिथेच खपते असंही नाही. पवनचक्कीची पाती, पुलाचा आकार, आगगाडीचं तोंड, आपल्या रोजच्या मोटारीला पेट्रोल किती लागतं, या सगळ्यांत तेच गणित आहे. एक दार बंद झालं म्हणून उपाशी राहावं लागेल अशी ही विद्या नाही. आणि दारंही हळूहळू उघडताहेत. २०२५ साली हास नावाच्या संघाने लॉरा म्यूलर या जर्मन बाईंना एका चालकाची रेस इंजिनीयर नेमलं. शर्यत चालू असताना चालकाच्या कानाशी बोलणारी ती व्यक्ती. फॉर्म्युला वनमध्ये त्या जागेवर आलेली ही पहिली स्त्री.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, वाऱ्याची मोट बांधता येत नाही हे खरंच, पण वाऱ्याला वाट दाखवता येते, आणि त्या कामाचा पगारही मिळतो.

आणि तुम्ही एक करा. या रविवारी शर्यत सुरू व्हायच्या आधी लेकीला नळाशी बोलवा आणि तो चमच्याचा प्रयोग दोघी मिळून करा. चमचा का ओढला जातो, ते तिला सांगू द्या. तुम्ही बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सोडलंत, पण त्याआधीची वर्षं कुठे गेली नाहीत. तिचं कुठे चुकलं तर तुमच्या लक्षात येईल. तेव्हा लगेच उत्तर सांगू नका. विचारा, "पुन्हा करून पाहायचं?" चमचा तिच्या हातात द्या, आणि नळ तुम्ही धरा.

काय झालं ते मला जरूर कळवा.

जाता जाता : अनारशाच्या पिठाबद्दल आता बऱ्याच जणींची पत्रं येणार, हे मी ओळखून आहे! तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, एवढं तूर्त लक्षात ठेवा. बाकीचं पुढच्या अंकात.